डब्यातल्या चिठ्ठ्या

वहिनींनी, म्हणजे आमच्या मोठ्या सरांच्या पत्नींनी, पिशवीतून डबा काढला आणि मी तो लगेच ओळखला. बिस्किटांचा, पत्र्याचा, चौकोनी. झाकणावर घोडागाडीचं चित्र. घोड्याचे पाय बोटांनी झिजून गेलेले, गाडी मात्र शाबूत. चौथीच्या वर्गातले बाक भिंतीला सारून आम्ही चौदा जण गोल खुर्च्या टाकून बसलो होतो, दर शनिवारी दुपारी बसतो तसे. झाकण घट्ट बसलं होतं. वहिनींच्या बोटांना ते निघेना, तेव्हा शेजारच्या टॅक्सीवालीने नख घालून काढून दिलं. आत घडी घातलेल्या चिठ्ठ्या होत्या, अगदी काठोकाठ. वहिनींनी एक उलगडली, चष्मा कपाळावर सारला आणि डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "ब," म्हणाल्या. मग दुसरी. "ही पण बच. ही ड. ही अ." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "त्यांच्या कपाटात मागे सापडला हो. एवढं काय जपून ठेवलंय म्हणून उघडला. बाई, तुम्ही त्या वेळेपासून आहात शाळेत. कशाचं असेल हे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "मुलांचा एखादा खेळ असेल. सरांना खेळ फार आवडायचे." इतक्या सहज निघालं तोंडातून, की क्षणभर माझाही विश्वास बसला. वहिनी हसल्या. "हो, तसे खेळकरच होते," म्हणाल्या, आणि डबा परत पिशवीत गेला. टॅक्सीवाली मात्र हसली नाही. ती माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत होती, असं मला वाटलं. मला आजकाल बरंच काय काय वाटतं.

ही शनिवारची बैठक माझीच कल्पना. म्हणजे अगदी माझी नाही. मुख्याध्यापकांसाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथून आणलेली. शाळेत सगळ्यांना सारखं वागवायचं असेल तर नियम बदलण्याआधी ज्यांना वेगळं वागवलं गेलं त्यांचं ऐका, असं तिथे सांगितलं होतं. मी वहीत दोन रेघा मारून ते अधोरेखित केलं होतं. आमच्या शाळेत वेगळं वागवलं गेलेले म्हणजे 'ड' तुकडीचे. पाण्याच्या टाकीमागचा वर्ग, एकच खिडकी आणि तीही टाकीकडे उघडणारी. त्या तुकडीला वाचनालयाचा तास नव्हता, कारण म्हणे ती मुलं पुस्तकं फाडतात. शिक्षक वर्षात तीनदा बदलायचे. ज्याला शिक्षा करायची त्याला 'ड' द्यायची, असा शिक्षकांच्या खोलीत उघड विनोद होता, आणि त्यावर मीही हसत आले होते. तर मी जुन्या विद्यार्थ्यांना पत्रं पाठवली, या, बोला, म्हणून. नियम तीनच. एकाने बोलायचं. बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही, नंतरही उत्तर द्यायचं नाही, खुलासा करायचा नाही. बोलणं संपलं की मिनिटभर गप्प बसायचं आणि मग पुढच्याची पाळी. ज्याला बोलायचं नसेल त्याने 'आज नाही' म्हणायचं. चित्रकलेच्या सरांनी या बैठकीला रडण्याचा तास असं नाव ठेवलं. पण येऊन बसायचे तेही, आणि एकदा रुमाल शोधताना मी त्यांना पाहिलं होतं.

पहिल्याच शनिवारी एक वेल्डर बोलला. हातावर भाजल्याचे बारीक पांढरे डाग, आवाज खाली. म्हणाला, "आठ वर्षं 'ड'मध्ये होतो. पहिलीत कोणी ठरवलं, मी 'ड'चा म्हणून? मी तेव्हा काय केलं होतं?" आणि खिशातून जुन्या यादीची प्रत काढून दाखवली. खाली सही मोठ्या सरांची, माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांची होती. त्या क्षणापासून सगळ्यांचं बोलणं आपोआप त्या सहीकडे वळलं. मोठ्या सरांनी असं केलं, मोठ्या सरांनी तसं केलं. मोठे सर जाऊन तीन वर्षं झाली होती. उत्तर न देण्याचा नियम त्यांनी सगळ्यांत चोख पाळला. माझ्याही सह्या आहेत, नाही असं नाही. मुख्याध्यापिका झाल्यापासूनच्या चार याद्यांवर. त्याबद्दल मी त्याच दिवशी सगळ्यांसमोर खेद व्यक्त केला. छान बोलले. चालत आलेली पद्धत मी डोळे झाकून पुढे चालवली, असं म्हणाले. चालत आलेली.

कुणीतरी ही गोष्ट वहिनींच्या कानावर घातली. तिसऱ्या शनिवारी त्या एकट्याच, छत्रीचा काठीसारखा आधार घेत आल्या आणि दारातच थांबून म्हणाल्या, "मला बसू द्याल का? ते नाहीत, तर निदान मी ऐकते." त्या दिवशी एक बाई बोलल्या. कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या. स्वतःच्या मुलीला शाळेत सोडायला येतात तेव्हा त्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नाहीत. मिनिटभराची शांतता झाली आणि वहिनी उठल्या. खुर्चीच्या पाठीला धरून सरळ उभ्या राहिल्या, छत्री खाली पडली, हात जोडले आणि म्हणाल्या, "त्यांच्या वतीने मी माफी मागते." नियमात ते बसत नव्हतं. मी त्यांना थांबवायला हवं होतं, नियम सांगून तरी. पण त्या कारखान्यातल्या बाईंचा चेहरा असा काही सैल झाला, गाठ सुटावी तसा, की मी म्हटलं, राहू दे. मग ते दर शनिवारचंच झालं. कुणी बोलायचं, शांतता व्हायची आणि वहिनी उठायच्या. बैठकीला माणसं वाढली. पालक यायला लागले. संस्थेचे लोक येऊन बसले आणि पुढच्या वर्षापासून 'ड' तुकडी बंद, मुलं सगळ्या वर्गांत सारखी वाटायची, असा ठराव झाला. माझं कौतुक झालं. इतकं चांगलं चाललं होतं सगळं, की त्यात खरं बोलणं म्हणजे उगाच मोडता घालणं झालं असतं. असं मी मनाला सांगत होते, आणि मन तरी काय, सांगेल ते ऐकत होतं.

डब्याच्या दिवशी घरी गेले तर नवऱ्याने शब्दकोड्यातून मान वर न करता विचारलं, "आज कोण रडलं?" हा आमचा शनिवारचा ठरलेला प्रश्न. मी म्हटलं, "कुणी नाही." "मग फुकट गेला म्हणायचा दिवस." मी चहा टाकला. आधण उकळून उकळून निम्मं झालं तरी मी गॅसपाशी तशीच उभी होते. नवऱ्याला सांगता आलं असतं. चांगला माणूस आहे. म्हणाला असता, तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, तू पोरगी होतीस, सोड. तो तसं म्हणेल याचीच मला भीती वाटत होती. कारण ते ऐकून मी सोडून दिलं असतं. मी कप विसळला, पुसला, परत विसळला.

खेळच होता खरं तर. मी शाळेत लागले त्या वर्षी, प्रवेश संपल्यावर संध्याकाळी, मोठ्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. हेडक्लार्क नवीन मुलांची नावं वाचत होता आणि टेबलावर हा डबा. "तुमचा हात नवा आहे, काढा," सर म्हणाले. एक नाव, एक चिठ्ठी. अ, क, क, ड, ब. कारखानदाराचा मुलगा 'ड'मध्ये, हमालाची मुलगी 'अ'मध्ये, जसा हात पडेल तसं. सर मधेच एखाद्या नावाला "वा, टाकीजवळचा वर्ग! गारेगार," असं म्हणायचे. हेडक्लार्क कंटाळला होता. आम्हा तिघांशिवाय हे कुणाला माहीत नव्हतं, कारण पालकांना कळलं तर मोठ्या घरचे लोक भांडायला येतील, असं सर म्हणायचे. हेडक्लार्क तर सरांच्याही आधी गेला. म्हणजे आता जगात हे माहीत असणारं माणूस एकच, आणि त्या माणसाने सांगितलं की तो खेळ होता.

मला ती चिठ्ठ्यांची पद्धत अडाणी वाटली. माझ्या वर्गात बारा मुलं घडाघडा वाचणारी आणि वीस मुलं पुस्तक उलटं धरणारी. वर्षभर दमछाक झाली माझी. मी सरांकडे गेले. "सर, मुलं म्हणजे काय सोडतीची तिकिटं आहेत?" मला आठवतंय, हे वाक्य मी आदल्या दिवशी बसमधे तयार केलं होतं. मी म्हटलं, प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलाशी दोन मिनिटं बोलावं. घरी अभ्यास घेणारं कुणी नाही असं दिसलं, तर अर्जाच्या कोपऱ्यात एक ठिपका करावा, म्हणजे शिक्षकाला पहिल्या दिवसापासून कळेल कुणाकडे जास्त लक्ष द्यायचं. त्यांना पहिल्या बाकावर बसवता येईल. मला खरंच तसं वाटत होतं. हे वाक्य गेल्या काही दिवसांत मी मनाशी इतक्या वेळा म्हटलंय की ते पाठ झालंय, आणि पाठ झालेल्या गोष्टीवर माझा विश्वास नाही. तीस वर्षं पाठांतरं ऐकलीत मी. सर झाकणावरच्या घोड्याच्या पायावर बोट फिरवत होते. मग म्हणाले, "करा. पण पेन्सिलीने करा. खोडता येईल असं."

प्रवेशाच्या टेबलाशी मी चार दिवस बसले. नवी पिवळी पेन्सिल. मला ते काम फार आवडलं. मुलं टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहायची आणि मी विचारायची, घरी वाचतं कोण, अभ्यासाला बसतोस कुठे, बाबा काय करतात. उत्तर ऐकता ऐकता नखांकडे, बुटांकडे नजर जायची. मी उत्तम ऐकते असं तेव्हाही सगळे म्हणायचे. चौथ्या दिवशी हेडक्लार्कने गठ्ठा हातात घेतला आणि म्हणाला, "बाई, हे ठिपकेवाले सगळे एकत्रच ठेवतो. शोधायला सोपं." मी म्हटलं, "ठेवा." एवढंच. त्या एका शब्दाने किती जणांची किती वर्षं गेली, याचा हिशोब मला मांडता येत नाही. मला 'अ' तुकडी मिळाली. पहिल्या आठवड्यातच कळलं की माझ्या वर्गात एकही ठिपका नाही, सगळे टाकीमागच्या 'ड'मध्ये. पुस्तकं पुठ्ठे घातलेली, डबे स्वच्छ, मी वाक्य अर्धं सोडलं की अठ्ठेचाळीस आवाज ते पुरं करायचे. मी सरांकडे जाऊन म्हणू शकले असते, अहो, हे असं ठरलं नव्हतं. रोज त्यांच्या खोलीवरून जायची मी. पण इतकी गोड मुलं होती ती. शिकवताना इतकं बरं वाटायचं. उद्या सांगू, चाचणी झाल्यावर सांगू, म्हणता म्हणता वर्ष संपलं, आणि दुसऱ्या वर्षी सरांनी मला परत त्याच टेबलाशी बसवलं. तिसऱ्या वर्षी हेडक्लार्कने ठिपके शाईने गिरवले. पेन्सिलीचे पुसट होतात म्हणाला.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी त्या आठवड्यात भाजी चिरताना, पाय धुताना, फळ्यावर तारीख लिहिताना सारखी पुढे ढकलत होते. तपासणीला एक साहेब आले होते. करडे, चिकित्सक. 'ड'मध्ये दहा मिनिटं बसून बाहेर आले आणि व्हरांड्यातच म्हणाले, "ही वाटणी कुणी केली?" सर आणि मी शेजारी उभे होतो. माझ्या हातात हजेरीपट. सरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी," म्हणाले. साहेबांनी लिहून घेतलं. सरांच्या नावावर शेरा आला, आणि दोन वर्षांनी त्यांना मिळायचा तो मुख्याध्यापकांचा पुरस्कार दुसऱ्याला मिळाला. मी नंतर त्यांच्या खोलीत गेले, डोळ्यांत पाणी आणून, आणि ते म्हणाले, "राहू द्या हो. तुमची अजून सगळी नोकरी पुढे आहे." मी केवढी सुटल्यासारखी घरी गेले होते. त्या रात्री मला छान झोप लागली. म्हणजे त्यांनी जिवंतपणी एकदा माझं ओझं घेतलं, आणि मेल्यावर मी ते परत त्यांच्या डोक्यावर ठेवलं, आणि त्यांची बायको ते घेऊन दर शनिवारी उभी राहत होती.

पुढच्या शनिवारी परीक्षा होत्या, बैठक नव्हती. बरं वाटलं. सोमवारी वहिनींच्या सुनेचा फोन आला. "बाई, आईंना झटका आला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून उद्या घरी आणतोय." मी म्हटलं, "अगं बाई! येते मी." गेले नाही. मंगळवारी पेपर तपासायचे होते, बुधवारी संस्थेची सभा. गुरुवारी मी त्यांच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत गेले, फळांची पिशवी घेऊन, आणि औषधांच्या दुकानाच्या काचेत बघत उभी राहिले. काचेत एक बरी दिसणारी, केस नीट बांधलेली, पर्सला पेन्सिल अडकवलेली बाई होती. ती वळली आणि घरी आली. फळं आम्ही दोघांनी खाल्ली. नवरा म्हणाला, गोड आहेत.

शनिवारी वहिनींची खुर्ची रिकामी होती. कुणी ती काढली नाही, कुणी त्यावर बसलंही नाही. मी सगळ्यांना वहिनींची तब्येत सांगितली. मग म्हटलं, आज पहिली पाळी माझी. चित्रकलेच्या सरांनी भुवया उंचावल्या. मुख्याध्यापिकेने पाळी घ्यायची नाही असा अलिखित संकेत होता, तोही माझाच. मी तयारी करून गेले होते, चार मुद्दे काढले होते. कागद उघडलाच नाही. "सह्या मोठ्या सरांच्या होत्या," मी म्हणाले, "पण ठिपका माझा होता." आणि मग सगळं सांगितलं. टेबल, तीन प्रश्न, नखं, बूट, 'ठेवा'. 'अ' तुकडी मला किती आवडायची तेही. तपासणीचे साहेब. डबा. "सर चिठ्ठ्या काढायचे. कुणाचा हात कुठे पडेल ते त्यांनाही माहीत नसायचं. तो खेळ नव्हता. मी तुमच्यासमोर खोटं बोलले." आवाज कापेल असं वाटलं होतं. कापला नाही. हजेरी घेतल्यासारखा सरळ निघाला, याची मला लाज वाटली.

मग शांततेचं मिनिट. एरवी मी घड्याळाकडे बघते आणि वेळ झाली की मान हलवते. त्या दिवशी मान हलवायचं सुचलं नाही, त्यामुळे मिनिट किती लांबलं कोण जाणे. मग वेल्डर म्हणाला, "आज नाही." त्याच्या शेजारच्या कारखान्यातल्या बाई म्हणाल्या, "आज नाही." त्यांच्या शेजारचे म्हणाले, आज नाही. पाळी खुर्चीखुर्चीने माझ्या दिशेने येत होती. उत्तर द्यायचं नाही हा माझाच नियम, आणि सगळे तो अक्षरशः पाळत होते. कुणी एक शिवी दिली असती तर मी तिला बिलगले असते. चित्रकलेच्या सरांनी बुटांकडे बघत म्हटलं, आज नाही. रिकाम्या खुर्चीपाशी सगळे थांबले, तिचीही पाळी असल्यासारखे. शेवटी टॅक्सीवाली. ती पहिल्या शनिवारपासून येत होती आणि दर वेळी 'आज नाही'च म्हणायची. मी तिला लाजाळू समजत होते. आज ती म्हणाली, "माझं झालं." अकरा मिनिटांत बैठक संपली. नेहमीप्रमाणे सगळे बाक जागेवर लावायला उठले. मी एका बाकाचं टोक धरलं, तर दुसरं टोक वेल्डरने उचललं. माझ्याकडे न बघता, पण पावलं माझ्या पावलांशी जुळवून घेत त्याने बाक जागेवर ठेवला आणि निघून गेला.

फाटकाबाहेर टॅक्सी उभी होती. "काकूंकडे जायचंय ना? बसा बाई, सोडते." मी मागचं दार उघडायला गेले, तर तिने आतून पुढचं उघडलं. दोन चौक गेले. ती गाडी फार छान चालवत होती, धक्का न लावता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"ठिपका. टेबल माझ्या नाकापर्यंत यायचं ना, तुमचा हात बरोब्बर डोळ्यासमोर. पिवळी पेन्सिल. मागचं टोक चावलेलं." मी पर्समधली पेन्सिल आत ढकलली. "तुम्ही विचारलंत, घरी अभ्यास कोण घेतं. मी म्हटलं, मीच घेते, धाकट्याचा. केवढ्या हसलात तुम्ही! गालाला हात लावलात माझ्या. आणि मग कोपऱ्यात ते काढलंत. मला वाटलं, चांदणी दिली. घरी जाऊन सांगितलं तसं. आई आठ दिवस शेजारीपाजारी सांगत होती, बाईंनी पोरीला चांदणी दिली म्हणून."

मी खिडकीबाहेर बघत होते. दुकानं, माणसं, एका बाईने मुलाच्या तोंडाला लागलेलं काहीतरी पदराच्या टोकाने पुसलं. "मग कधी कळलं?"

"दुसरीत. अर्जांचा गठ्ठा उचलायला क्लार्कने बोलावलं. बघते तर आमच्या वर्गात सगळ्यांनाच चांदण्या. म्हटलं, एवढ्या चांदण्या आणि एक धड खिडकी नाही?" ती हसली. खरंच हसली, विनोद सांगताना हसतात तशी. मला ते तिच्या रडण्यापेक्षा जड गेलं.

"पहिल्याच शनिवारी का नाही बोललीस गं?"

"तुम्हीच सांगितलंत ना, इथे ऐकायला बसायचं. मी ऐकायला बसत होते. तुमच्या पाळीची वाट बघत."

"आणि वहिनी उठायच्या तेव्हा?"

सिग्नल लागला होता. तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. "ते मात्र माझं चुकलं," ती म्हणाली. "दर वेळी वाटायचं, आज बाई सांगतील. आता काकू उठल्या, आता सांगतील. मी वाट बघत बसले आणि त्या बिचाऱ्या अकरा वेळा उठल्या. मोजलंय मी." मग सिग्नल सुटला आणि तिने गाडी वहिनींच्या दाराशी नेऊन थांबवली. उतरताना ती म्हणाली, "जा तुम्ही. मी थांबते इथे."

सुनेने दार उघडलं. दमलेली होती, पण हसून आत घेतलं. खोलीत खिडकीजवळ पलंग आणि पलंगाशेजारी टेबलावर तो डबा. घोडागाडी समोर. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, चिठ्ठ्या वहिनींच्या हातात देईन, एकेक उलगडून दाखवीन, ही बघा, ही सरांची सोडत, त्यांनी कुणाला निवडलं नाही, कुणाला वगळलं नाही. वेल्डरला दाखवीन, संस्थेला दाखवीन, काचेच्या कपाटात ठेवीन. मी झाकण उघडलं. आत औषधांच्या पट्ट्या, एक चमचा, थर्मामीटर.

"यातल्या चिठ्ठ्या?"

"त्या होय? टाकल्या," सून म्हणाली. "आईंनीच टाकायला सांगितल्या, बैठकीहून आल्या त्याच संध्याकाळी. म्हणाल्या, बाई म्हणतायत मुलांचा खेळ आहे, मग कशाला जागा अडवायची. डबा चांगला आहे म्हणून तेवढा ठेवला."

मी झाकण लावलं. ते नीट बसेना, दोनदा दाबावं लागलं. मग खुर्चीवर बसले. वहिनींचं तोंड एका बाजूला ओढलेलं होतं, डोळे मात्र स्वच्छ होते आणि माझ्यावर रोखलेले. मी सांगितलं. वर्गात सांगितलं त्यापेक्षा वाईट सांगितलं, अडखळत, मागचं पुढे करत, मधेच नाक पुसत. त्या ऐकत होत्या. मी आयुष्यभर ऐकण्याची नाटकं इतकी पाहिलीत, केलीत, की खरं ऐकणं मला ओळखता येतं. त्या खरंच ऐकत होत्या. "सरांचं काही चुकलं नव्हतं, वहिनी. माझं होतं ते," मी म्हणाले, आणि थांबले.

मिनिटभर गेलं. मग त्यांचा डावा हात पांघरुणावरून उचलला गेला. तो चाचपडत उजव्या बाजूला गेला, तिथला निर्जीव हात त्याला सापडला, त्याने तो ओढत छातीपर्यंत आणला आणि दोन्ही तळवे कसेबसे एकमेकांना लागले. "त्यांच्या वतीने," त्या म्हणाल्या. शब्द जड होते, पण चुकत नव्हते. "मी... माफी... मागते."

"वहिनी, नका हो. अहो, मी मागायची..."

"बाई, मनाला लावून घेऊ नका," सून हळूच म्हणाली. "त्यांना आता तेवढं एकच वाक्य येतं. डॉक्टरांनाही तेच म्हणतात. सकाळी मी तोंड पुसलं तर मलासुद्धा."

मी त्यांचे जोडलेले हात सोडवले. डावा ऊन होता आणि उजवा गार. दोन्ही परत पांघरुणावर ठेवले, खुर्ची आणखी पुढे ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. "मी नवीन लागले होते, वहिनी. सरांच्या टेबलावर हा डबा होता. सर म्हणाले, तुमचा हात नवा आहे." त्या माझ्याकडे बघत होत्या, आणि तिसऱ्या वाक्यालाच त्यांचा डावा हात पुन्हा उजव्याला शोधायला निघाला.